असाध्य दुखणे आणि घरची व्यवस्था : बऱ्हाणपूर व थेऊर येथील दोन उदाहरणे



देवस्थानच्या स्मरणिकेत मंगल विषयांना अग्रस्थान असावे, ही रीत योग्यच आहे. तथापि ज्या कुळांच्या आधारावर देवस्थान उभे असते, त्या कुळांतून दरवर्षी कोणी ना कोणी निघून जातो आणि महाजनांच्या यादीत बापाच्या जागी मुलाचे नाव चढते. हा क्रम सर्वांच्या परिचयाचा असला तरी त्याविषयी बोलण्याचे सर्वजण टाळतात. वैद्यांनी किंवा डॉक्टरांनी घरातील वडीलधाऱ्या माणसाचा रोग बरा होणारा नाही असे एकदा सांगितले की पुढे काय करावे, कोणी करावे आणि कोणास विचारून करावे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. विषय अमंगल वाटेल. परंतु त्याची वेळीच चर्चा न झाल्याने भाऊबंदकीत विस्कटलेली घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस तो अनावश्यक वाटणार नाही.

ह्या विषयासाठी एका गावाचे स्मरण उपयोगी पडेल. ते गाव म्हणजे तापीकाठचे बऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात असून २००३ सालापासून स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण आहे. पण रावेरची हद्द ओलांडली की ते येते, आणि खानदेश-वऱ्हाडशी असलेल्या शेजारामुळे तेथील अनेक घरांतून मराठी बोलली जाते. फारुकी सुलतानांनी वसविलेले हे शहर मोगलांच्या काळी दक्षिणेचा दरवाजा मानले जाई. उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली ते पेशव्यांकडे आले. दक्षिणेच्या मोहिमांवर निघालेल्या थोरामोठ्यांचा मुक्काम येथे पडे, आणि त्यांपैकी कित्येकांचा तो अखेरचा मुक्काम ठरला. अकबराचा पुत्र दानियाल १६०५ साली अतिमद्यपानाने येथेच मृत्यू पावला. जहांगीराचा पुत्र परवेझ १६२६ साली येथेच गेला. शिवछत्रपतींशी पुरंदरचा तह करणारा मिर्झाराजा जयसिंग दक्षिणेतून परतताना १६६७ साली येथेच निवर्तला. परंतु बऱ्हाणपुरातील ज्या मृत्यूची वार्ता सर्व जगाला ठाऊक आहे, तो मृत्यू शाहजहानची बेगम मुमताज महल हिचा होय.

खानजहान लोदीच्या बंडाचा बंदोबस्त करण्यासाठी शाहजहान दक्षिणेत उतरला होता. १६३१ सालच्या जून महिन्यात मुमताज आपल्या चौदाव्या बाळंतपणासाठी बऱ्हाणपूरच्या किल्ल्यात होती. प्रसूतीच्या वेणा दीर्घकाळ चालल्या, कन्या जन्मली, आणि बेगमेची प्रकृती ढासळत गेली. दरबारी इतिहासकार सांगतात की तिने थोरली कन्या जहांआरा हिला पाठवून बादशहास बोलावून घेतले आणि मुलांचा व आईबापांचा सांभाळ करण्याची विनवणी करून प्राण सोडला. तिचे वय अवघे ३८ वर्षांचे होते, आणि तिला व्यवस्थेसाठी मिळाला तो वेळ केवळ काही घटकांचा. त्या घटकांत जेवढे बोलता येईल तेवढेच ती बोलली.

पुढची सर्व व्यवस्था मागे राहिलेल्यांनी केली. तापीपलीकडील झैनाबादच्या बागेत तिचे तात्पुरते दफन झाले. सहा महिन्यांनी, १६३१ च्या डिसेंबरात, शाहजादा शुजाच्या सोबतीने शवपेटी आग्र्यास नेण्यात आली. तिच्या कोट्यवधींच्या संपत्तीपैकी अर्धी जहांआरास व उरलेली इतर मुलांस वाटण्यात आली. सतरा वर्षांच्या जहांआराने अंतःपुराचा भार उचलला, आणि बेगमेची विश्वासू सतिउन्निसा खानम तिच्या मदतीस राहिली. म्हणजे अंत्यविधीचे स्थान, मृतदेहाचा प्रवास, मिळकतीची वाटणी, तान्ह्या मुलीचे संगोपन आणि घराचा कारभार हे पाचही प्रश्न बादशहाच्या घरातही सुटले नाहीत तर सोडवावे लागले. सामान्य घरात हेच पाच प्रश्न उभे राहतात. फरक एवढाच की तेथे हुकूम चालविणारा बादशहा नसतो. जो तो आपापला हक्क सांगतो, आणि ज्याचा शब्द शेवटचा मानावा तो बोलून गेलेला नसतो.

अपघाताने किंवा एकाएकी येणाऱ्या मृत्यूपुढे इलाज नाही. परंतु कर्करोग, मूत्रपिंडाचा विकार, जुनाट हृदयविकार ह्यांसारख्या दुखण्यांत डॉक्टरांचे निदान आधी येते आणि अंत पुष्कळदा नंतर, काही महिन्यांनी येतो. मुमताजला जो वेळ मिळाला नाही तो येथे मिळालेला असतो. ह्या वेळेचा विनियोग कसा करावा आणि कोठे चूक होऊ शकते, ह्या दोहोंचा धडा मराठ्यांच्या इतिहासात एकाच ठिकाणी सापडतो. ते ठिकाण पुण्याजवळचे श्रीचिंतामणीचे क्षेत्र थेऊर होय.

थोरले माधवराव पेशवे १७६१ साली, पानिपतच्या घावानंतर, सोळाव्या वर्षी गादीवर आले. राजयक्ष्म्याने त्यांस ग्रासले, आणि १७७० साली कर्नाटकाची मोहीम त्रिंबकराव पेठ्यांकडे सोपवून त्यांना परतावे लागले. त्या काळी ह्या रोगावर औषध नव्हते, आणि हे स्वतः पेशव्यांसही कळत होते. अखेरच्या दिवसांत ते थेऊरास श्रींच्या सान्निध्यात राहावयास गेले. तेथे त्यांनी निरवानिरव केली ती कारभाऱ्यांसमक्ष आणि लेखी केली. १७७२ च्या सप्टेंबरअखेरीस त्यांनी नऊ कलमांची याद करविली. राज्यावरील कर्जाची फेड व्हावी, हे त्यातील ठळक कलम होते. काशी व प्रयाग ही क्षेत्रे सोडवावीत, ही वडिलांची राहिलेली इच्छाही त्यात नमूद होती. चुलते रघुनाथराव १७६८ च्या धोडपच्या लढाईपासून नजरकैदेत होते; त्यांच्या तरतुदीचाही विचार झाला. धाकटे बंधू नारायणराव ह्यांचा हात त्यांनी ह्या चुलत्यांच्या हाती दिला. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, माधवरावांनी थेऊरासच देह ठेवला.

ह्या यादीकडे तिच्या परिणामांवरून पाहिले असता तीन प्रकारच्या गोष्टी वेगळ्या काढता येतात. कर्जाची फेड ही हिशेबात बसणारी गोष्ट होती. रक्कम, सावकार आणि फेडणारा ही तीन नावे लिहिली की काम मार्गी लागते. काशी-प्रयागची मुक्तता ही इच्छा होती. ती पवित्र होती, पण पेशव्यांच्या राज्यात ती पुरी झाली नाही. तिसरी गोष्ट विश्वासाची होती, आणि तेथेच घात झाला. नारायणराव मेले असता ज्यांचा लाभ होणार होता, त्यांच्याच हाती नारायणरावांचा हात दिला गेला. चुलता-पुतण्याचे सूत लवकरच तुटले, रघुनाथराव पुन्हा नजरकैदेत गेले, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी, म्हणजे थेऊरच्या निरवानिरवीस वर्षही होण्यापूर्वी, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा वध केला. त्या खुनाचा दोष रामशास्त्री प्रभुणे ह्यांनी रघुनाथरावांवर ठेवला, हे सर्वश्रुत आहे. पुढे बारभाईंच्या फौजा पाठीस लागल्या तेव्हा १७७४ साली रघुनाथराव उत्तरेकडे निघाले ते ह्याच बऱ्हाणपूरच्या वाटेने.

बारभाईंनी मात्र अनुभवाने शहाणपण शिकले. नारायणरावांच्या मृत्यूनंतर, १७७४ च्या एप्रिलात, सवाई माधवराव जन्मले, तेव्हा त्या अर्भकाचा सांभाळ एका माणसाच्या भरवशावर न ठेवता अनेक कारभाऱ्यांच्या मंडळाने केला. एकाने चूक केली तर दुसरा पाहणारा होता. ह्यावरून कुटुंबासाठी निघणारा नियम सरळ आहे : आजाऱ्याने आपल्या मागे अज्ञान मुलाचा, विधवेचा किंवा अपंग भावंडाचा सांभाळ ज्याच्याकडे सोपवावयाचा, त्याचा त्याच मिळकतीत वाटा नसावा; असलाच तर त्याच्या जोडीला वाटा नसलेला दुसरा मनुष्य नेमावा. रक्ताचे नाते ही नेमणुकीची पात्रता होऊ शकत नाही. मरणाऱ्याच्या अंथरुणाशी झालेला समेट मनाला समाधान देतो. पण त्यावर घर चालत नाही.

आता आजच्या घरांकडे वळावे. माधवरावांची व्यवस्था, तीत कितीही उणीव राहिली तरी, त्यांनी स्वतः केली. आज बहुतेक घरांत पहिली गोष्ट होते ती ही की रोग्याला सोडून बाकी सर्वांना निदान कळते. डॉक्टर मुलाला बाजूला घेतात, मुलगा बायकोला सांगतो, बायको माहेरी कळविते. आणि ज्याचा जीव जावयाचा, त्याला ‘साधे दुखणे आहे, बरे वाटेल’ असे सांगण्यात येते. ह्यामागे प्रेम असते, ह्यात शंका नाही. ह्याला जुन्या शास्त्राचा आधारही दाखविला जातो. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात मरणसूचक लक्षणांचे विस्ताराने वर्णन असून, वैद्याने ती विचारल्यावाचून सांगू नयेत आणि सांगितल्याने अपाय होईल तेथे विचारले तरी सांगू नयेत, असा इशारा आहे. हा इशारा वैद्याच्या जिभेला आहे. रोग्याच्या नावाने कोणी त्याची मिळकत फिरवावी, कोऱ्या कागदावर त्याची सही घ्यावी, किंवा त्याचे उपचार त्याला न विचारता ठरवावेत, अशी परवानगी त्यात नाही. रोग्यास किती जाणून घ्यावयाचे आहे, हे त्यालाच हळुवारपणे विचारावे. पुष्कळदा त्याला अर्धे आधीच कळलेले असते, आणि घरच्यांना दुःख होऊ नये म्हणून तोही गप्प असतो. दोन्हीकडचे हे मौन मोडले की निरवानिरवीचे काम निम्मे होते.

दुसरा प्रश्न उपचाराचा. बऱ्हाणपूरचा रोगी भुसावळमार्गे मुंबईस नाहीतर इंदुरास नेतात. गोव्याचा रोगी बांबोळीस, आणि तेथून पुष्कळदा मुंबईस. प्रत्येक फेरीत पैसा, रजा आणि रोग्याची शक्ती खर्ची पडते. म्हणून डॉक्टरांस तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात : ह्या उपचाराने रोग हटेल, आयुष्य वाढेल, की केवळ वेदना कमी होईल? वेदना कमी करणे हेही वैद्यकाचे मोठे काम आहे. त्यासाठी लागणारे मॉर्फिन मिळण्यातील अडचणी कमी करण्याकरिता १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली. अंतकाळच्या कर्करोग्यांच्या शुश्रूषेसाठी शांती आवेदना सदन ही संस्था १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे सुरू झाली, आणि गोव्यातही तिची शाखा लोटलीस निघाली. अशा ठिकाणी नेणे म्हणजे रोग्याला टाकणे, ही समजूत सोडावयास हवी.

यंत्रांच्या साहाय्याने केवळ श्वास चालू ठेवावा की नाही, ह्याविषयी रोग्याची इच्छा आधी लेखी नोंदविता येते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी ह्या लेखास मान्यता दिली, आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून तो नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित करावयाचा असतो, आणि स्वतःस बोलता येईनासे झाल्यास आपल्या वतीने कोणी बोलावे त्याचे नाव त्यात घालावयाचे असते. रोगी शुद्धीवर असतानाच हे होऊ शकते. ते झालेले नसेल तर अतिदक्षता विभागाच्या दारात रात्री दोन वाजता भावंडांना निर्णय घ्यावा लागतो. आणि जो जिवंत ठेवण्याच्या बाजूने बोलला नाही, त्याला ते जन्मभर ऐकावे लागते.

तिसरा प्रश्न मिळकतीचा; आणि येथे बऱ्हाणपूरच्या घरास व गोव्याच्या घरास एकच नियम लागू नाही. बऱ्हाणपुरात हिंदू मनुष्याचे मृत्युपत्र १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे होते. साधा कागद, करणाराची सही आणि दोन साक्षीदार पुरतात. नोंदणी ऐच्छिक आहे, पण केलेली बरी. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली पद्धत २०१२ च्या वारसाहक्क कायद्यात कायम आहे. तेथे घरी लिहून पेटीत ठेवलेला कागद मृत्युपत्र होत नाही. ते नोटरीपुढे व्हावे लागते. मुले असतील तर स्वतःच्या वाट्यातील अर्धाच भाग मनाप्रमाणे देता येतो. तसेच विवाहापूर्वी वेगळा करार झालेला नसल्यास सामाईक मिळकतीचा अर्धा भाग पत्नीचा मूळचाच असतो. तो तिला कोणी ‘देत’ नाही. नोकरीनिमित्ताने मध्य प्रदेशात वा मुंबईत गेलेल्या गोमंतकीयांनी हेही ध्यानात ठेवावे की ज्याचे कायम अधिवास गोव्यात धरले जाते, त्याच्या गोव्याबाहेरील मिळकतीसही गोव्याचाच वारसा कायदा लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ रोजी दिला आहे. त्यामुळे बाहेरगावी घर घेतलेल्या गृहस्थाने तेथील शेजाऱ्याच्या मृत्युपत्राची नक्कल करून भागत नाही. अधिवासाचा प्रश्न वकिलाकडून आधी तपासून घ्यावा.

चार गैरसमज तर सर्वत्र सारखेच आढळतात. बँकेत ज्याचे नामनिर्देशन केले तोच मालक, हा पहिला. नामनिर्देशित व्यक्तीने पैसा स्वीकारून वारसांस द्यावयाचा असतो; विम्याच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली हेच सांगितले होते. मुखत्यारपत्र असले की पुढचे सर्व निभावेल, हा दुसरा. देणारा मृत झाला की त्याच क्षणी मुखत्यारी संपते, आणि त्यानंतर तिच्या बळावर खात्यातून पैसे काढणे हा तंट्यास आरंभ होय. आजारी मनुष्याचे मृत्युपत्र चालत नाही, हा तिसरा. मन शाबूत असले की ते चालते, आणि त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडला तर पुढचा वाद टळतो. सेवेच्या भीतीपोटी जिवंतपणीच सर्व मिळकत एका मुलाच्या नावे करावी, हा चौथा. शुश्रूषा महिनोन्‌महिने चालावयाची असते, आणि रोग्याच्या हाती काही राहिलेले नसले की त्याच्या शब्दाचे वजन घटते.

चौथा प्रश्न माणसांचा आहे, आणि तो सर्वांत उपेक्षित राहतो. माधवरावांच्या पत्नी रमाबाई थेऊरास सती गेल्या. ती चाल कायद्याने केव्हाच बंद झाली. परंतु नवऱ्यामागे बायकोने कोठे राहावयाचे, हा प्रश्न पुष्कळ निरवानिरवींत आजही कागदावर येत नाही. कोणत्याही यादीतील पहिले कलम हे असावे : घराची कोणती खोली तिची, दरमहा खर्च कोणत्या खात्यातून, निवृत्तिवेतनाच्या कागदांवर तिचे नाव व जन्मतारीख बरोबर आहे की नाही. त्याचप्रमाणे अंथरुणाशी जागणारी सून किंवा अविवाहित मुलगी हिच्या श्रमांची नोंद वाटणीत कोणी घेत नाही. ती घ्यावयाची असेल तर आजाऱ्यानेच आपल्या इच्छेच्या भागातून घेतली पाहिजे; मागाहून तिने मागितले तर ते लोभ ठरते.

कर्जाचे आणि येण्याचे टिपण रोग्याने स्वतः सांगावे व घरातील दोघांनी ते लिहून घ्यावे. हातउसने घेतलेले शे-दोनशे रुपयेही त्यात असावेत; माधवरावांस राज्याचे कर्ज जसे टोचत होते, तसे साध्या माणसास वाण्याची बाकी टोचते. बोललेला नवस, देवस्थानात नेमून दिलेली वार्षिक सेवा, कुळाची वर्गणी, श्रींच्या उत्सवातील घराण्याचा मान पुढे कोणी चालवावयाचा, हेही त्याच टिपणात यावे. ह्या गोष्टी कागदावर नसल्या तर दोन भावांतील बेबनाव मंदिराच्या पायऱ्यांपर्यंत येतो, आणि उत्सवाच्या दिवशी पंचांना न्यायनिवाडा करीत बसावे लागते.

अखेर अंतसमयाची तयारी. घरीच देह ठेवावा अशी रोग्याची इच्छा असेल, तर अवेळी येऊन मृत्यूचा दाखला देणारा डॉक्टर आधी ठरवून ठेवावा. १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद जेथे मृत्यू झाला तेथेच, एकवीस दिवसांच्या आत, करावयाची असते. परगावी नेलेल्या रोग्याच्या बाबतीत हे हमखास विसरले जाते. अस्थी कोठे विसर्जित कराव्यात, नेत्रदान करावयाचे की नाही, दिवस घालण्याचा खर्च किती असावा, हे त्यालाच विचारावे. तेराव्याचा थाट कर्ज काढून करू नये, असे जर तो स्वतः सांगून गेला असेल, तर मागच्यांना लोकलज्जेचे भय उरत नाही.

ह्या सर्व विवेचनाचे सार इतकेच की निदान कळल्यानंतरचे दिवस हे प्रथम आजाऱ्याच्या मालकीचे आहेत. त्याला वगळून केलेली व्यवस्था कितीही चोख असली तरी ती त्याची होत नाही, आणि म्हणून मागे राहिलेले ती मानीत नाहीत. त्याला विचारून, लिहून, दोन तिऱ्हाईत साक्षीदारांसमक्ष केलेली साधी यादही पुष्कळ भांडणे वाचविते. बऱ्हाणपूरच्या किल्ल्यात एका आईला मुलांविषयी एकच वाक्य बोलण्यास अवधी मिळाला. ज्या घरांस ह्याहून अधिक अवधी मिळतो, त्यांनी तो रोग्याशी खोटे हसण्यात घालवू नये.

श्रींच्या कृपेने सर्व महाजन कुटुंबांत आरोग्य नांदो, आणि प्रसंग आलाच तर त्यास सामोरे जाण्याचे धैर्य व शहाणपण सर्वांस लाभो. इत्यलम्.